परतीचे दोर कापू नका



गणेशोत्सवानंतर होणाऱ्या कार्यकारिणीच्या बैठकीत शेवटचा विषय असतो 'मदतीसाठी आलेले अर्ज'. एरवी तो पाच मिनिटांत उरकतो आणि आपण चहाकडे वळतो. या वेळी तासभर लागला. आपल्याच मराठी शाळेत बाराखडी गिरवलेली, आता सव्वीस वर्षांची झालेली एक मुलगी येत्या वसंतात एव्हरेस्टला जायचं म्हणते आहे. खर्च प्रचंड आहे. तिने चार वर्षांची बचत त्यात घातली आहे आणि उरलेला थोडा भार मंडळाने उचलावा, अशी तिची विनंती आहे.

अर्ज वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या. बॅनरवर काय लिहायचं, शिखरावर मंडळाचा झेंडा न्यायचा की भगवा, इथपर्यंत चर्चा गेली. मग मी म्हणाले, "चेक लिहिण्याआधी तिला दोन-तीन गोष्टी विचारूया का?" एकदम शांतता पसरली. एक जण हसत हसत, पण मला बरोबर लागेल अशा बेताने म्हणाले, "मराठी खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही."

तो खेकडा मी. निर्णय दिवाळीनंतरच्या बैठकीवर ढकलला आहे. त्याआधी माझं म्हणणं तुम्हा सगळ्यांपुढे मांडावं, म्हणून हा लेख.

आधी एक सांगते. मला डोंगरांचं वावडं नाही. पुण्यात कॉलेजात असताना तोरणा-राजगड, हरिश्चंद्रगड, नाणेघाट हे सगळं पाठीवर सॅक टाकून, एसटीने जाऊन केलेलं आहे. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, महाराष्ट्रातून तिथे पोचणारे पहिलेच. तेव्हा मी नुकतीच लग्न होऊन सिएटलला आले होते. आईने पत्राबरोबर वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं होतं, ते अजून माझ्याकडे आहे. २०१२ साली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्ट केलं आणि २०१९ साली त्याच संस्थेचे दहा जण एका मोहिमेत कांचनगंगावर पोचले, तेव्हा इथे मी शेजाऱ्यांना पेढे वाटले. त्यामुळे आपली पोर एव्हरेस्टला निघाली म्हटल्यावर सगळ्यांत जास्त आनंद मलाच व्हायला हवा होता. तो झालाही. पण आनंदाबरोबर तीन प्रश्नही आले.

पहिला प्रश्न : तू ज्या डोंगरावर जाणार आहेस, तो आज कसा आहे?

आपल्या डोक्यातलं एव्हरेस्ट हे २९ मे १९५३ चं आहे. तेनसिंग, हिलरी, निर्मनुष्य बर्फ. काही गोष्टी अजून तशाच आहेत. उंची ८८४८.८६ मीटर. माथ्यावर दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश. आठ हजार मीटरच्या वर शरीर काही केल्या रुळत नाही, ते फक्त झिजत जातं. फुप्फुसात पाणी साठू शकतं, मेंदूला सूज येऊ शकते, आणि गंमत अशी की मेंदूच नीट चालत नसल्यामुळे आपलं काही बिघडलं आहे हे त्या माणसाला कळतही नाही. या भागाला गिर्यारोहक 'डेथ झोन' म्हणतात, ते उगाच नाही.

पण बाकीचं खूप बदललं आहे. शिखराच्या आधीचा शेवटचा मुक्काम साउथ कोलवर असतो, सुमारे ७,९०० मीटरवर. तिथल्या हिमनदीचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. जो बर्फ साठायला सुमारे दोन हजार वर्षं लागली, तो १९९० च्या दशकापासूनच्या पंचवीसेक वर्षांत नाहीसा झाला. काठमांडूच्या 'इसिमोड' या संस्थेने २०२३ साली सांगितलं की हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या २०११ ते २०२० या काळात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने वितळल्या.

हे आकडे पर्यावरणाच्या भाषणातले वाटतील. चढणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचा अर्थ साधा आहे. उंचावर बर्फ हे सिमेंटचं काम करतं, सुट्या दगडांना धरून ठेवतं. ते सैल झालं की दगड सुटतात. म्हणून तर युरोपात २०२२ च्या उन्हाळ्यात माँ ब्लाँच्या नेहमीच्या वाटेवर गाइड मंडळींनी लोकांना न्यायचं थांबवलं, आणि त्याच जुलैत इटलीतल्या मार्मोलादा डोंगरावर हिमनदीचा तुकडा तुटून ११ जण गेले. एव्हरेस्टवर बर्फ मागे हटतं तसे वर्षानुवर्षं गाडलेले मृतदेह उघडे पडतात. २०२४ साली नेपाळच्या सैन्याने एव्हरेस्ट आणि आसपासच्या डोंगरांवरून ११ टन कचऱ्याबरोबर चार मृतदेह आणि एक सांगाडा खाली आणला.

आणि हे सगळं फक्त शिखराजवळ घडतं असं नाही. खुंबू भागात थामे नावाचं गाव आहे. तेनसिंग यांचं बालपण तिथे गेलं. कामी रिता शेर्पा तिथलेच. हे गृहस्थ २०२५ च्या मे महिन्यात एकतिसाव्या वेळी एव्हरेस्टवर जाऊन आले. १६ ऑगस्ट २०२४ रोजी वरचा हिमतलाव फुटला आणि पाण्याचा लोंढा थामेत शिरला. घरं, शाळा, दवाखाना वाहून गेले. दिवसाची वेळ होती म्हणून माणसं वाचली. ज्या गावाने जगाला एव्हरेस्टवर नेलं, त्या गावावर ही वेळ आली.

इतक्या लांबही जायला नको. आकाश निरभ्र असलं की इथले लोक एकमेकांना 'आज माउंटन दिसतोय' असं सांगतात, तो आपला १४,४१० फुटी रेनियर पाहा. तिथल्या हिमनद्या आटत चालल्या आहेत. स्टीव्हन्स हिमनदी तर आता हिमनदी म्हणून मोजलीच जात नाही. आमच्या या मुलीने रेनियर दोनदा केला आहे, आणि दुसऱ्या वेळी वाट पहिल्यापेक्षा बरीच वेगळी आणि दगडाळ होती, असं तिनेच मला सांगितलं होतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न. पुस्तकात वाचलेल्या एव्हरेस्टची तयारी चालणार नाही. नेपाळने २०२५ च्या सप्टेंबरपासून वसंतातल्या परवान्याची फी ११,००० वरून १५,००० डॉलर केली. आधी नेपाळमधलं सात हजार मीटरच्या वरचं एखादं शिखर केलेलं असावं, अशी अटही तिथल्या सरकारने सुचवली आहे. सरकारची अट येवो न येवो, आपण ती स्वतःला घालून घ्यायला काय हरकत आहे?

दुसरा प्रश्न : तुझं ओझं कोण वाहणार?

बेस कॅम्पच्या वर लगेचच खुंबू हिमप्रपात लागतो. बर्फाचे तीन-चार मजली ठोकळे, मध्ये भेगा, आणि हे सगळं दिवसाला साधारण मीटरभर खाली सरकत असतं. कधी काय कोसळेल याचा नेम नाही. इथे शिड्या आणि दोर लावायचं काम स्थानिक शेर्पांचं एक पथक करतं. पाहुणा गिर्यारोहक ही जागा मोजक्या वेळा ओलांडतो. त्याचा तंबू, त्याचं जेवण, त्याचा प्राणवायू वर नेणारा शेर्पा मात्र ती पुन्हा पुन्हा ओलांडतो.

१८ एप्रिल २०१४ च्या सकाळी इथे हिमकडा कोसळला आणि १६ जण गेले. सोळाच्या सोळा नेपाळी कामगार. सरकारने आधी जाहीर केलेली मदत होती कुटुंबामागे ४०,००० नेपाळी रुपये, म्हणजे तेव्हाचे सुमारे ४०० डॉलर. शेर्पांनी त्या हंगामात काम करायला नकार दिला. त्यानंतर विम्याची रक्कम वाढली, नियम बदलले. गेल्या वर्षा-दोन वर्षांत शिड्या आणि दोर ड्रोनने वर पाठवायला सुरुवात झाली आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. पण मूळ हिशेब बदललेला नाही. पाहुणा खर्च करतो साधारण पन्नास हजार ते लाखभर डॉलर. त्यातले काही हजार शेर्पाच्या हाती पडतात.

२०२३ च्या जुलैमध्ये के-टूवर एक पाकिस्तानी हमाल अरुंद वाटेवर पडला. तो मरत असताना कितीतरी लोक त्याला ओलांडून शिखराकडे गेले. कुणी मदत केली, कुणी नाही केली, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. मला त्या वादात शिरायचं नाही. मला एवढंच दिसतं की रांग थांबली नाही.

आता आपल्याकडच्या बातम्या आठवून पाहा. 'मराठी तरुणाने एव्हरेस्ट सर केलं', 'मराठी कन्येची एव्हरेस्टला गवसणी'. फोटोत ती व्यक्ती, हातात तिरंगा. हा फोटो काढला कुणी? बहुतेक वेळा तिच्या बरोबरच्या शेर्पाने. त्याचं नाव बातमीत किती वेळा असतं? याच नेपाळी गिर्यारोहकांनी १६ जानेवारी २०२१ रोजी, दहाच्या दहा जणांनी एकत्र पावलं टाकत, के-टू हिवाळ्यात पहिल्यांदा सर केलं. ते कुणाचे मदतनीस म्हणून गेले नव्हते, स्वतःसाठी गेले होते. त्यांचा डोंगरावरचा अधिकार आपल्याहून मोठा आहे, हे एकदा मनाशी मान्य करायला हवं.

म्हणून मुलीला विचारायचं ते हे : तुझ्या कंपनीने तुझ्याबरोबरच्या शेर्पाचा विमा किती रकमेचा उतरवला आहे? त्याला काही झालं तर हेलिकॉप्टरचा खर्च कोण करणार? त्याचं नाव काय? आणि मंडळाने स्वतःला विचारायचं ते हे : सत्काराच्या पत्रिकेत आपण त्याचंही नाव छापणार का?

तिसरा प्रश्न : तू परत कधी फिरणार?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तो तिच्यापेक्षा आपल्याला जास्त लागू आहे.

इथे वाढलेल्या मुलांसाठी सिंहगडाची गोष्ट थोडक्यात सांगते. १६७० साली तानाजी मालुसरे रात्री दोर लावून कोंढाण्यावर चढले. लढाईत ते पडले, मावळे मागे फिरू लागले. तेव्हा सूर्याजी ओरडले, "परतीचे दोर मी कापून टाकलेत!" मावळे उलटले आणि गड घेतला. ही गोष्ट आपल्या रक्तात आहे. 'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार आपण परीक्षेपासून ग्रीन कार्डपर्यंत सगळीकडे वापरतो. नोकरी सोडून, घर विकून इथे आलेल्या आपल्या पिढीने तर तो जगून दाखवला आहे. मागे फिरणं म्हणजे हरणं, हे आपण मुलांना न बोलता शिकवलं आहे.

उंच डोंगरावर नेमकं उलटं आहे. तिथे परतीचा दोर हाच खरा दोर. माथ्यावर पोचलं की अर्धंच काम झालेलं असतं, आणि उरलेलं अर्धं थकलेल्या शरीराने, संपत आलेल्या प्राणवायूवर करायचं असतं.

वारे मंदावतात असे दिवस मे महिन्यात मोजकेच मिळतात. हवामानाचा अंदाज सगळ्यांकडे एकच येतो, त्यामुळे सगळे एकाच दिवशी वर निघतात. २२ मे २०१९ रोजी शिखराच्या धारेवर लागलेल्या रांगेचा फोटो तुम्ही पाहिला असेल. पावसाळ्यात हरिहर गडाच्या पायऱ्यांवर गर्दी होते ना, तशीच. फरक इतकाच की इथे रांगेत उभं राहिलं तरी सिलिंडर रिकामा होत असतो. त्या हंगामात एव्हरेस्टवर ११ जण गेले. त्यांत महाराष्ट्रातलेही होते.

आता तर घाई आणखी वाढली आहे. २०२५ च्या मे महिन्यात चार ब्रिटिश गृहस्थ लंडनहून निघून आठवड्याच्या आत एव्हरेस्टवर पोचले. आधी झेनॉन वायू हुंगून घेतला होता आणि घरी कमी प्राणवायूच्या तंबूत झोपून तयारी केली होती. त्या वायूचा उपयोग कितपत, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. मला त्यातली घाई खटकते. जो डोंगर सहा आठवडे मागतो, त्याला सुट्टीच्या एका आठवड्यात बसवायचं!

उलट एक जुनी गोष्ट सांगते. गोरान क्रॉप नावाचा स्वीडिश तरुण होता. १९९६ साली तो स्वीडनहून सायकल चालवत नेपाळला आला. हजारो मैल. शेर्पाची मदत नाही, प्राणवायू नाही. ३ मे रोजी शिखर शंभरेक मीटरवर उरलं असताना उशीर झाला आहे हे त्याने ओळखलं, आणि तो मागे फिरला. पुढच्याच आठवड्यात, १० आणि ११ मेच्या वादळात त्याच डोंगरावर आठ जण गेले. त्यांत दोन नामांकित मोहिमांचे प्रमुख होते, रॉब हॉल आणि आपल्या सिएटलचे स्कॉट फिशर. त्या दिवशी दुपारी दोननंतरही कितीतरी लोक वरच जात राहिले होते. क्रॉप मात्र २३ मे रोजी पुन्हा चढला आणि शिखरावर पोचला. पुढे तो सिएटललाच राहायला आला होता.

तो फिरू शकला, कारण त्याने स्वतःला परतायची मुभा ठेवली होती. आपण या मुलीला ती ठेवणार आहोत का? विचार करा. चारशे कुटुंबांनी वर्गणी काढली आहे. बॅनर छापलं आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज 'कुठवर पोचली?' चाललं आहे. आणि ती ८,६०० मीटरवर रांगेत उभी आहे, दुपार झाली आहे. त्या क्षणी आपला चेक तिच्या खिशात नसतो, पाठीवर असतो. परतीचा दोर सूर्याजी नाही, आपण कापलेला असतो.

शिखराचा असा ध्यास लागला की माणसं काय करतात, हेही आपण पाहिलं आहे. २०१६ साली महाराष्ट्रातल्या एका जोडप्याने फोटोंत फेरफार करून एव्हरेस्ट केल्याचा दावा केला आणि नेपाळने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. तेव्हा आपण सगळे त्यांना हसलो. मीही हसले. पण मला हसायचा अधिकार नव्हता.

कारण आता जे सांगते ते आठ वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात मी एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला गेले होते, हे आपल्या मंडळात सगळ्यांना माहीत आहे. निघायच्या आधी तुम्हीच मला शाल-श्रीफळ दिलं होतं. सुमारे ४,९०० मीटरवरच्या लोबुचेला माझं डोकं फुटेल की काय असं दुखायला लागलं. उलट्या झाल्या. मी ते लपवलं, कारण घरी परत गेल्यावर तुम्हाला काय सांगणार? आमच्या बरोबरच्या शेर्पा मुलाने पाहिलं की दीदीने ताटातल्या डाळभाताला हात लावलेला नाही. त्याने बोटाला यंत्र लावून आकडा पाहिला आणि काही न बोलता माझी सॅक भरायला घेतली. मी वाद घालायला लागले. तो एवढंच म्हणाला, "दीदी, खाली." रात्रीच्या अंधारात मला धरून, माझी आणि त्याची अशा दोन सॅक घेऊन तो मला फेरिचेच्या दवाखान्यात घेऊन आला. सकाळपर्यंत मी बरी होते. डॉक्टर म्हणाले, रात्र वर काढली असती तर सांगता आलं नसतं.

बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे. मी तिथे पोचले नाही. परत आल्यावर मंडळात मी स्लाइड शो केला. शेवटचा फोटो लोबुचेचा होता. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्या, त्या मी घेतल्या. आणि ज्याने जीव वाचवला, त्याचं नाव मी त्या कार्यक्रमात घेतलं नाही, कारण ते घेतलं असतं तर पुढची गोष्टही सांगावी लागली असती.

तर मंडळी, खेकड्याचं म्हणणं असं आहे. या मुलीला मंडळाने मदत जरूर करावी. पण तीन गोष्टी ठरवून. एक, आधी सात हजार मीटरवरचं एखादं शिखर, मग एव्हरेस्ट, आणि पैसे त्या पहिल्या शिखरासाठीही द्यावेत. दोन, आपल्या मदतीचा ठरावीक हिस्सा तिच्याबरोबरच्या शेर्पांच्या विम्यासाठी राखून ठेवावा. तीन, ती निघायच्या आधीच तिच्या सत्काराची तारीख नक्की करून सभागृह आरक्षित करावं. ती शिखरावरून आली तरी सत्कार, शंभर मीटर खालून फिरली तरी तोच हार, तीच शाल, तितकाच टाळ्यांचा कडकडाट. हे तिला लेखी द्यावं. बॅनर छापायचंच असेल तर त्यावर शिखराची उंची नको, परतीची तारीख लिहा.

हा लेख छापायला देण्याआधी मी तो तिला वाचायला दिला. मराठी वाचायला तिला वेळ लागतो, तरी तिने दोन दिवसांत वाचून फोन केला. पहिलं शिखर आधी करायचं, म्हणजे एव्हरेस्ट एक-दोन वर्षं पुढे जाणार, याचं तिला वाईट वाटलं आहे. ती रागावलीही आहे थोडी. "काकू, तुमच्या वयाच्या मुलग्यांना कुणी असे प्रश्न विचारले होते का?" असं तिने मला ऐकवलं. तिचं हे म्हणणं बरोबर आहे. हे प्रश्न मुलग्यांनाही विचारायला हवे होते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. विम्याबद्दल तिने कंपनीला ईमेल केली आहे, उत्तराची वाट पाहते आहे.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "सत्काराच्या दिवशी तुम्ही स्टेजवर येऊन लोबुचेची गोष्ट सांगणार असाल, तरच मी येईन."

मी हो म्हटलं आहे. दिवाळीनंतरच्या बैठकीला जरूर या. मत माझ्या बाजूने द्या किंवा विरोधात, पण या.

शुभ दीपावली!